सॅम्युएल मॅकब्राइडचं मधलं नाव

मीनाक्षी वैशंपायनला एका जागी स्वस्थ बसणं म्हणून माहीत नाही, असं तिचा नवरा राजीव चारचौघांत हसून सांगायचा. हे त्याने सांगावं म्हणजे कमालच. अमेरिकेत आल्यापासूनच्या पाच वर्षांत सनीव्हेल, मग ॲन आर्बर, मग व्हर्जिनियातलं ॲशबर्न, अशी बिऱ्हाडं हलवली ती त्याच्या नोकरीने, आणि पायाला भिंगरी म्हणे मीनाक्षीच्या.

पण त्याचं अगदीच चूक होतं असंही नाही. सांगलीच्या कॉलेजात दोन वर्षं इतिहास शिकवलेली ही बाई इथे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेली होती आणि तिला नोकरी करायला मनाई होती. राजीव डेटा सेंटरला आणि सहा वर्षांची स्वानंदी शाळेत गेली की तिच्या घरातल्या घरात येरझाऱ्या सुरू व्हायच्या. कुकर लावताना तिला कपड्यांच्या घड्या आठवायच्या, घड्या घालताना खिडकी, आणि खिडकीत उभी राहिली की समोरचा रिकामा पार्किंग लॉट बघून तिचा जीव घुसमटायचा. ग्रीन कार्डचा अर्ज कुठल्या तरी ऑफिसात रखडला होता. तो हलेपर्यंत भिंतीत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही, असा तिने हट्टच धरला होता. देवांचा फोटोही बिचारा मायक्रोवेव्हवर उभा होता.

२००५ सालच्या जानेवारीत स्वानंदीला गोष्टींच्या तासाला घेऊन ती गावातल्या लायब्ररीत गेली. गोष्टी चालू असताना खाली बसवेना म्हणून वरच्या मजल्यावर चढली, तर तिथे एक खोली फक्त जुन्या कागदांची. जमिनीची खरेदीखतं, चर्चची लग्नं-बारशी, मृत्युपत्रं, मायक्रोफिल्मची यंत्रं. आणि दारावर चिठ्ठी, मदतीला स्वयंसेवक हवेत. फुकट राबायला कुठल्याच सरकारची हरकत नसते. मीनाक्षी दुसऱ्या दिवशी सकाळी हजर.

त्या खोलीत येणारे बहुतेक लोक आपापले पूर्वज शोधायला येत, आणि मीनाक्षीला हे काम शिकवावं लागलं नाही. तिचे वडील मोरेश्वर खांबेटे यांनी निवृत्तीनंतर कुलवृत्तांताचं काम अंगावर घेतलेलं. खांबेट्यांच्या सगळ्या शाखा, कोण कोणाचा मुलगा, कोण कुठल्या गावी गेला, कोणाला मूलबाळ नाही, हे सगळं गोळा करत ते गावोगाव हिंडले, आणि शाळकरी मीनाक्षी त्यांच्याबरोबर. लोकांच्या ओसरीवर बसून चहा पीत पीत तिने घराण्यांच्या फांद्या जुळवल्या होत्या. नाव, बापाचं नाव, आजाचं नाव, अशी पायरी पायरीने वर चढायची तिला लहानपणापासून सवय.

मार्चच्या सुरुवातीला मिस एडिथ आल्या. एडिथ मॅकब्राइड, वय ऐंशी, लग्न न केलेल्या, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त. उंच, ताठ, ओठांना लिपस्टिक लावल्याशिवाय दाराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या. त्या बाजूला वयस्क बाईंना नुसतं नावाने हाक मारणं बरं दिसत नाही; नावाआधी मिस लावायचं, लग्न झालेलं असो की नसो. मीनाक्षीला हे फार आवडलं. काकू म्हटल्यासारखंच वाटायचं.

मिस एडिथच्या हातात घरचं जुनं बायबल होतं आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्या घराण्याची नावं लिहिलेली. सगळ्यांत वर सॅम्युएल अलेक्झांडर मॅकब्राइड, जन्म १७६८, धंदा विणकराचा. त्याच्या वर काही नाही. मॅकब्राइड मूळचे स्कॉटलंडचे, तिथून आयर्लंडच्या उत्तरेला जाऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले, तिथेही पोट भरेना तेव्हा जहाजाने अमेरिकेत आलेले, एवढं मिस एडिथना ऐकून माहीत होतं. तेव्हा इथे इंग्लंडच्या राजाचं राज्य होतं. असे हजारो लोक फिलाडेल्फियाला उतरले आणि घोडागाड्यांतून दक्षिणेला सरकत सरकत व्हर्जिनियाच्या खोऱ्यात आले.

“आम्ही कुठून आलो ते मला नकोय,” मिस एडिथ म्हणाल्या. “आम्ही पहिल्यांदा थांबलो कुठे, तेवढं सांग.”

का, तेही त्यांनी लपवलं नाही. आईवडिलांच्या शेजारी गावच्या दफनभूमीत आता जागा उरली नव्हती. एकुलता भाऊ टेक्ससमध्ये बायकोच्या माणसांत पुरला होता. मूलबाळ नाही. परक्यांच्या रांगेत, महापालिका देईल त्या चौकोनात पडून राहायचं, ही कल्पना त्यांना सहन होत नव्हती. जन्मभर एकट्या राहिल्या त्याचं काही नाही, पण मेल्यावर आपल्या माणसांत असावं, एवढी त्यांची इच्छा होती.

मीनाक्षी झपाटल्यासारखी कामाला लागली. तिला कोणीतरी काम सांगितलं होतं! दर आठवड्याला मिस एडिथ येत, शेजारी बसत, आणि मीनाक्षी यंत्राची मूठ फिरवत अडीचशे वर्षांपूर्वीच्या कोर्टाच्या नोंदी वाचत जाई. स्टाँटनच्या बाजूला, खोऱ्यात, तिला तो सापडला. अलेक्झांडर मॅकब्राइड. तीनशे एकर जमीन, चांगलं दगडी प्रार्थनामंदिर बांधण्यात पुढाकार घेतलेला माणूस, आणि मृत्युपत्रात चार मुलगे, त्यांत एक सॅम्युएल. वय जुळत होतं, गाव जुळत होतं. सॅम्युएल अलेक्झांडर मॅकब्राइड, म्हणजे अलेक्झांडरचा सॅम्युएल, उघडच आहे. एवढ्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा विणकर कसा, अशी मनात पाल चुकचुकली होती. पण चार भावांत धाकट्याच्या वाट्याला जमीन आली नसेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

त्या मे महिन्यात दोघी खोऱ्यात गेल्या. स्टोनी रनचं ते मंदिर अजून उभं होतं आणि मागच्या दफनभूमीत अलेक्झांडरचा दगडही. अक्षरं झिजलेली, पण बोटांनी वाचता येत होती. मिस एडिथनी हातमोजा काढून ती वाचली. मग तिथल्या मॅकब्राइड कुलमंडळाचे कार्ल नावाचे गृहस्थ भेटले. त्यांनी मीनाक्षीने काढलेली वंशावळ बघितली, मिस एडिथचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांना कझिन म्हणून हाक मारली. अलेक्झांडरच्या दगडाशेजारी एक जागा मोकळी होती, त्याच्या वंशजांसाठी राखलेली. वर्षअखेर ती मिस एडिथच्या नावावर झाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथे त्यांच्या नावाचा दगड बसवायचंही ठरलं. मरणाची तारीख तेवढी मोकळी ठेवायची.

परतताना मिस एडिथ गाडीत गाणं गुणगुणत होत्या. आणि मीनाक्षीने घरी आल्यावर राजीवला तीच हकीकत तीनदा सांगितली. पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातून काहीतरी झालं होतं. त्या हिवाळ्यात तिच्या येरझाऱ्या कमी झाल्या, हे राजीवच्याही लक्षात आलं.

घोळ उघडा पडला तो २००६च्या मार्चमध्ये, आणि तोही स्वानंदीमुळे. शाळेत चित्रकलेसाठी तिला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मिरवायला ती मिस एडिथकडे घेऊन गेली. मिस एडिथनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, स्वानंदी राजीव वैशंपायन. मग मीनाक्षीला विचारलं, राजीव हे तुझ्या माहेरचं आडनाव का?

मीनाक्षी हसली. नाही, हे तिच्या वडिलांचं नाव, आमच्याकडे मधलं नाव नेहमी वडिलांचं असतं, बाईचं लग्न झालं की नवऱ्याचं.

“किती गंमत आहे,” मिस एडिथ म्हणाल्या. “मुलीला पुरुषाचं नाव. आमच्या जुन्या घरांत मधे आईचं आडनाव ठेवायचे. माझं मधलं नाव लाइल आहे ना, ते माझ्या आईचं आडनाव. नाहीतर बाईच्या घराण्याचं नाव बुडूनच जायचं.”

मीनाक्षीच्या हातात चहाचा कप होता. तो तिने सावकाश बशीत ठेवला. स्वानंदी इंग्रजीत काहीतरी बोलत होती, मिस एडिथ तिला बिस्किटं देत होत्या, आणि मीनाक्षी मनातल्या मनात ते जुनं नाव पुन्हा वाचत होती. सॅम्युएल अलेक्झांडर. अलेक्झांडर हे आडनावही असतं, त्या खोऱ्यात तर गल्लोगल्ली होतं. तिने आजवर मायक्रोफिल्मवर ते शेकडो वेळा वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररी उघडायच्या आधी ती दारात उभी होती. यावेळी तिने आधी करायला हवं होतं ते केलं, अलेक्झांडरचा मुलगा सॅम्युएल पुढे कुठे गेला ते शोधलं. तो केंटकीला गेला होता, तिथे त्याची बायको, तिथे त्याची मुलं, तिथेच त्याचं मृत्युपत्र. विणकराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. हवं ते हाती लागल्यावर तिने पुढचं पान उलटलंच नव्हतं.

मग खरा सॅम्युएल शोधायला तिला महिना लागला. तो सापडला खोऱ्यातल्याच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कोर्टाच्या आदेशांत, दोन ओळींत. विल्यम मॅकब्राइड हा काउंटी सोडून निघून गेला आहे, त्याची बायको जेन वारली आहे, सबब त्यांचा मुलगा सॅम्युएल, वय सहा, याला एकवीस वर्षांचा होईपर्यंत विणकराच्या हवाली करावं. साल १७७४. जेन ही कोणाची, तेही तिच्या बापाच्या मृत्युपत्रातून कळलं. अलेक्झांडर आडनावाच्या एका गरीब शेतकऱ्याची मुलगी. जमीन नाही, दगड नाही. विल्यम कुठे गेला याची नोंद नाही, जेनला कुठे पुरलं याचीही नाही.

मीनाक्षी यंत्रासमोर बसून राहिली. सहा वर्षांच्या पोराला कोर्ट उचलून देतं, याचं तिला रडू येत होतं. पण त्याहून जास्त तिला लाज वाटत होती. त्या पोराकडे आईचं म्हणून एवढं नावच उरलं होतं. आमच्याकडे बाईचं नाव लग्नात बदलतं, मुलांच्या नावात तर ते येतच नाही. इथे ते राहिलं होतं, आणि मीनाक्षीने तेच बापाचं समजून जेनला पुसून टाकलं होतं. आणि एका जिवंत बाईला नेऊन परक्याच्या शेजारी झोपवायची व्यवस्था केली होती.

तिचा जीव आता कशातच लागेना. आमटी करपली, स्वानंदीच्या डब्यात दोनदा चमचा द्यायचा राहिला. सिग्नल हिरवा झाला तरी ती गाडीत तशीच बसून राहायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे. सांगावं तर मिस एडिथना ऐंशीव्या वर्षी मिळालेली माणसं जाणार. न सांगावं तर त्या माती होऊन तिथे पडणार आणि हे फक्त मीनाक्षीला माहीत असणार, जन्मभर. त्यातच राजीवने बातमी आणली की क्लायंट बदलतोय आणि जुलैत परत सनीव्हेलला जावं लागणार.

राजीवला तर हा प्रश्नच कळेना. “अगं, आपण जुलैत मूव्ह करतोय यार. कोण व्हेरिफाय करणार आहे? म्हातारी हॅपी आहे, कार्ल हॅपी आहे. तू कशाला डिस्टर्ब करतेस?”

राजीव दुष्ट नव्हता, आणि त्याचं म्हणणं चुकीचं आहे हे मीनाक्षीला पटवून देता येईना. सुटायला वाट होती, विमानाची तिकिटंसुद्धा ऑफिसच काढणार होतं. यामुळेच ती जास्त चिडली. आपण प्रत्येक गावातून अशाच निघत आलो, असं तिला वाटलं. मागे काय राहिलं ते न बघता, खोकी टेपने बंद करून.

शनिवारी सकाळी तिने सांगलीला फोन लावला. वडिलांची तिथे संध्याकाळ. तिने सगळं सांगितलं आणि विचारलं, बाबा, तुमच्याकडून कोणी भलत्या शाखेत गेलं तर काय करायचात?

मोरेश्वरराव म्हणाले की काढायचं. कुलवृत्तांताच्या शेवटी न जुळलेली घराणी असतात ना, तिथे टाकायचं. आडनाव आपलं, माणसं खरी, फक्त धागा लागत नाही. तीही छापतो आपण, मागे छापतो, पण गाळत नाही. लोक रडतात, भांडतात. मिरजेच्या एकाने तर अजून माझ्याशी बोलणं टाकलंय.

“मग मी सांगू का त्यांना?”

“अगं, जिवंत माणसाला सांगायचंच असतं,” ते म्हणाले. “मेलेल्यांची काही घाई नसते.”

एप्रिलमधल्या एका दुपारी ती मिस एडिथकडे गेली. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीवर कार्लने पाठवलेला दगडाचा नमुना होता, करडा, गुळगुळीत. मीनाक्षीने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसली असती तर बोललीच नसती. चूक कुठे झाली, आपल्याकडची रीत त्या माणसांना लावून आपण कसं चुकलो, विल्यम, जेन, विणकर, सगळं सांगितलं. कोर्टाच्या आदेशाची प्रत समोर ठेवली. मिस एडिथनी ती वाचली. शाळेतल्या मुलाची वही तपासावी तशी, एकेका शब्दावर बोट ठेवून.

“तुझी खात्री आहे?”

“हो. या वेळी आहे.”

“मागच्या वेळीही होती,” मिस एडिथ म्हणाल्या.

मिस एडिथ उठल्या, नमुन्याचा दगड उचलून आत घेऊन गेल्या, आणि आपल्याला आता जरा पडायचंय असं सांगून त्यांनी जाळीचं दार लावून घेतलं. रागाने आपटलंही नाही. आपटलं असतं तर मीनाक्षीला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मिस एडिथ लायब्ररीत आल्या नाहीत. मीनाक्षीने फोन केले, कोणी उचलले नाहीत. दोनदा ती त्यांच्या घरावरून गाडी घेऊन गेली. पडदे उघडे होते, दिवा होता, म्हणजे बाई ठीक होत्या आणि तिच्याशी बोलायचं नव्हतं. घरी खोकी येऊन पडली होती. या वेळी सामान बांधताना तिचा हात चालत नव्हता. भांड्यांच्या खोक्यात पुस्तकं गेली आणि पुस्तकांच्या खोक्यात तवा. आपण म्हाताऱ्या बाईला तिच्या माणसांतून उठवलं आणि आता निघून चाललो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राही. खरं सांगून मिळवलं काय? राजीव एकदा म्हणाला की मी सांगितलं होतं, आणि लगेच गप्प बसला, हे त्याचं शहाणपण.

मेच्या मध्यावर एका सकाळी फोन वाजला.

“मंगळवारी तुझी गाडी मोकळी आहे का?” मिस एडिथनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. “मला हल्ली मोठ्या रस्त्यावर चालवायला दिसत नाही.”

मंगळवारी त्या लिपस्टिक लावून, पर्स मांडीवर धरून गाडीत बसल्या. तासभर हवापाण्यापलीकडे एक शब्द बोलल्या नाहीत. मीनाक्षीने विचारलं नाही. स्टोनी रनला जायचंय, हे ती धरूनच चालली होती. निरोप घ्यायचा असेल, किंवा कार्लसमोर तिच्या तोंडून सगळं वदवायचं असेल. तेही तिने मान्य केलं होतं. डोंगर ओलांडून गाडी खोऱ्यात उतरली. दोन्ही बाजूंना कुरणं, काळ्या गाई, मधेच एखादं बंद पडलेलं मोटेल. स्टोनी रनचा फाटा आला तसा तिने वळायचा दिवा लावला.

“नको,” मिस एडिथ म्हणाल्या. “सरळ.”

“पण मंदिर तर...”

“कार्लला मी फोन केला. जागा परत दिली.”

मीनाक्षीने गाडी कडेला घेतली. तिच्याच्याने चालवणंच होईना. मिस एडिथनी मात्र शांतपणे सांगितलं. कार्ल भला माणूस, म्हणाला की एवढं मनावर घेऊ नका, आडनाव एकच आहे, कोणाची हरकत नाही, तुम्ही आता आमच्याच. मिस एडिथना ते ऐकून क्षणभर फार बरं वाटलं होतं. हो म्हणावंसंही वाटलं होतं.

“चाळीस वर्षं मी पोरांना चुकलेलं उत्तर खोडायला लावलं,” त्या म्हणाल्या. “माझं उत्तर तेवढं तसंच ठेवू?”

मग त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पण नाकाला न लावता नुसताच हातात धरला. आधी त्यांना मीनाक्षीचा राग आला होता, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं. इतका, की फोन वाजला की त्या दुसऱ्या खोलीत जाऊन बसायच्या. मग राग विल्यमवर गेला. बायको वारली, पोर सहा वर्षांचं, आणि हा उठून चालता झाला. असला माणूस आपला पूर्वज, याची शिसारी आली. त्याचं नाव बायबलच्या पानावर आपल्या हाताने वर लिहायचं म्हणून त्यांनी पेन घेतलं, आणि लिहवेना. म्हणून नुसत्याच पानावरची नावं वाचत बसल्या.

“सॅम्युएलने पहिल्या मुलाचं नाव काय ठेवलं, माहीत आहे?”

मीनाक्षीला माहीत नव्हतं. वंशावळ लिहिताना तिने मिस एडिथच्या आजोबांची शाखा तेवढी खाली आणली होती. तो तिसऱ्या मुलाचा वंश. थोरल्याचं नाव तिने वाचलंही नव्हतं. मोरेश्वर खांबेट्यांच्या मुलीने.

“विल्यम,” मिस एडिथ म्हणाल्या.

आता हे मीनाक्षीला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव, ही रीत तिच्या घरचीच. सहाव्या वर्षी टाकून गेलेल्या बापाचं नाव त्या पोराने मोठेपणी आपल्या पहिल्या मुलाला दिलं होतं. दिवसातून दहा वेळा त्याने ती हाक मारली असेल. मीनाक्षी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. हे रडणं महिन्याभराचं साचलेलं होतं, कदाचित पाच वर्षांचंही असेल. मिस एडिथनी तो रुमाल तिला दिला. तिची समजूत वगैरे त्यांनी काही घातली नाही, फक्त गाडीची काच थोडी खाली केली.

पोराने माफ केलं तर मी कोण अडून बसणार, असं त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. बायबलमध्ये त्यांनी दोघांची नावं लिहिली होती, आधी जेनचं, मग विल्यमचं. मग त्यांनी नकाशा काढून पाहिला. त्या काळी खोऱ्यातून दक्षिणेला जायला हा एकच रस्ता होता. काउंटी सोडून गेला म्हणजे विल्यम इथूनच गेला असणार. जन्मभर मी आपल्या लाउडन काउंटीच्या बाहेर धड राहिले नाही, त्या म्हणाल्या, आणि मला वाटायचं आम्ही मॅकब्राइड म्हणजे एका जागी पाय रोवून राहणारे. तर तो कुठल्या रस्त्याने गेला, तेवढा बघायचा होता.

मीनाक्षीने डोळे पुसले आणि राजीवला फोन करून सांगितलं की आज स्वानंदीला बसवरून तू घे, मला उशीर होईल. किती, असं त्याने विचारलं. माहीत नाही, ती म्हणाली.

त्या पुढे निघाल्या. एक गाव गेलं, दुसरं गेलं. रस्त्याकडेच्या एका खाणावळीत दोघींनी भाजलेलं चीज सँडविच खाल्लं. मिस एडिथनी तिथल्या वाढणारीला उगाचच सांगितलं की आमची माणसं इथून गेली आहेत. कधी, असं तिने विचारल्यावर, झाली काही वर्षं, म्हणाल्या. पुढे डोंगर दोन्हीकडून जवळ आले आणि रस्ता त्यांच्यामधून निळसर धुक्यात खाली उतरत गेला.

मीनाक्षीला एक गोष्ट विचारायचीच होती आणि विचारायचा धीर होत नव्हता. आपल्यामुळे ही बाई ऐंशी उलटल्यावर बेघर झाली, हे मनातून जात नव्हतं. शेवटी तिने विचारलं.

“मिस एडिथ, मग आता तुमची जागा? कुठे?”

मिस एडिथ खिडकीतून बाहेर बघत होत्या. टेकडीवर एक छोटं पांढरं चर्च होतं, त्याच्या मागे चार-दोन दगड. ते मागे पडेपर्यंत त्यांनी मान वळवून नीट बघितलं, बाजारात वांगी बघावीत तसं, आणि मग नापसंतीने मान हलवली.

“ठरलं नाही अजून,” त्या म्हणाल्या. “बघू या जाता जाता.”

हेच उत्तर मीनाक्षीने पाच वर्षं सगळ्यांना दिलं होतं, पुढे कुठे, असं कोणी विचारलं की, आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून दिलं होतं. ती मिस एडिथकडे बघतच राहिली.

“रस्त्याकडे बघ,” मिस एडिथ म्हणाल्या.

मीनाक्षीने रस्त्याकडे बघितलं आणि गाडी पुढे नेली.